अज्जांचा झब्बू

चामराजपेट, बेंगळूर
२५ जानेवारी २०२५, एकादशी

ती. अक्कज्जीस,
हर्षिताचा सा. न. वि. वि.

अक्षर बघून दचकू नका. अज्जांचं नाही, माझं आहे. मी हर्षी, तुमच्या धाकट्या भावाची नात. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा तुमच्या चष्म्याच्या घरात चिंचोके भरून ठेवले होते, तीच.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी बोंबलून सांगितलं की अज्जांना हॉस्पिटलातून घरी आणलं, आणि तुम्ही म्हणालात की हो, साबुदाणा भिजत घातलाय. म्हणून पत्र. तसंही अज्जा दर एकादशीला तुम्हाला पत्र लिहायचे, पोटाला काम नाही तर हाताला तरी असू दे म्हणायचे. दिवाळीपासून तुम्हाला एकही गेलं नाही. ती पाळी आता माझी. मराठी लिहायला मला अज्जांनीच शिकवलं, शाळेनं नाही, त्यामुळे चुका निघाल्या तर त्या त्यांच्या नावावर लावा.

तुमच्या मुलानं, उपेंद्रकाकांनी, तुम्हाला फक्त "बरं आहे" एवढंच सांगितलं असणार. ते सगळ्यांना तेच सांगतात. खरं काय ते मी सांगते. दिवाळीनंतर एका संध्याकाळी अज्जा बाहेर कट्ट्यावर त्यांचे मित्र आप्पाजी आणि मंडळींबरोबर झब्बू खेळत होते, तिथंच कलंडले. हातातली पानं तशीच हातात होती, आप्पाजींनी बोटं उलगडून काढली. उजवा हात आणि पाय गेला. आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. एक शब्द राहिला.

डॉक्टर म्हणाले की मेंदूला असा धक्का बसला की कधीकधी एखादाच शब्द अडकून राहतो, कुणाचं देवाचं नाव राहतं, कुणाची शिवी राहते. आमच्या अज्जांचा झब्बू राहिला. जन्मभर हरि हरि करणारा माणूस, आणि राहिलं काय तर पत्त्यांच्या खेळाचं नाव.

आता पाणी पाहिजे तरी झब्बू. उशी सरकली तरी झब्बू. तो हळू, खाली पडल्यासारखा असतो. आईला हाक मारायची तर दोनदा, पटपट. दुखत असलं की "बू" लांबतो आणि मध्येच तुटतो. क्रिकेटमध्ये कुणी कॅच सोडला की असा झब्बू येतो की मी कान झाकते, एवढी शिवी मला कुणी दिली नाही अजून. शेजारच्या ठकुबाई रोज येऊन त्यांच्या कानात ओरडून विचारतात, ओळखलंत का मला. तेव्हा अज्जा मान हलवून इतका गोड झब्बू म्हणतात की बाई खूश होऊन जातात. अर्थ मला ठाऊक आहे, पत्रात लिहिण्यासारखा नाही.

पण एक सांगते, हसू नका. सकाळी ते पलंगावरच डाव्या हातानं संध्या करतात. केशवाय, नारायणाय करत चोवीस नावं घ्यायची असतात ना, त्या प्रत्येक नावाच्या जागी झब्बू म्हणतात. हात बरोबर त्या त्या जागी लावतात, नाक, डोळे, कान, खांदा. मी बाजूला बसून मोजलं. चोवीसच होते. अप्पांनी एकदा ऐकलं आणि उठून बाहेर गेले. अप्पांना ती थट्टा वाटते, देवाची आणि त्यांची पण.

अडचण इथंच आहे, अक्कज्जी. अप्पा म्हणतात, यांचं डोकं गेलं. शरीर राहिलंय, माणूस गेला. आणि मी समजावून सांगितलं तर माझ्यावर विश्वास नाही. त्यात माझी थोडी चूक आहे, थोडीच. मी अज्जांचं भाषांतर करताना स्वल्प पदरचं घालते. अज्जा म्हणतायत आज उप्पिट नको, मसाला डोसा आणा. अज्जा म्हणतायत हर्षीला पीयूसीच्या निकालावरून बोलू नका, पोर गुणाची आहे. अज्जा म्हणतायत ठकुबाईंचा टीव्ही मोठा लागतो. आई हसायची. अप्पा एक दिवस म्हणाले की माझे वडील जर तुझ्या तोंडानं बोलायला लागले तर मी ऐकू कुणाचं?

गेल्या महिन्यात आई त्यांना न्हाणीतून उठवताना त्यांच्यासकट पडली. तिच्या मणक्याला लागलं, आता कमरेला हा एवढा रुंद पट्टा असतो. अप्पा पहाटे कंपनीच्या बसनं बोम्मसंद्र्याला जातात ते संध्याकाळी येतात. मी इंदिरानगरला केकच्या दुकानात काउंटरवर असते. म्हणून अप्पांनी बोम्मसंद्र्याकडं एक सेंटर बघितलंय, म्हाताऱ्यांना ठेवतात तिथं. शिवरात्र झाली की अज्जांना तिकडं न्यायचं ठरलं. अज्जांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून ठरवलं सगळं, कपाट नेण्यापूर्वी माप घेतात तसं. अज्जा बघत होते. मग माझ्याकडं बघून झब्बू म्हणाले. मी अप्पांना सांगितलं की ते म्हणतायत, मी जाणार नाही. अप्पा म्हणाले, आणि डोसा किती पाहिजेत म्हणाले?

तुम्ही अप्पांना लिहा. तुमचं ते ऐकतात, तुमच्या पत्राला हात लावायच्या आधी हात धुतात. अज्जांना कळतंय सगळं, एवढं फक्त लिहा.

लोभ असावाच. राग आला तरी चालेल, पण तो लिहून कळवावा.

तुमची,
हर्षी


शहापूर, बेळगाव
३० जानेवारी २०२५

चि. हर्षिता हिस,
वसुमतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. चिंचोके मी विसरले नाही. अक्षर बरे आहे, पण ओळी डोंगर चढतात. गुंडोच्या ओळी जन्मभर सरळ होत्या, तेवढे त्याने तुला शिकवले नाही की तू शिकली नाहीस, देव जाणे.

तू सांगितलेस ते वाचून मी दोन दिवस गप्प होते. घरात कुणाला कळले नाही, कारण बहिरी बाई गप्प बसली तर तिला ऐकू आले नाही असेच सगळे समजतात. त्यामुळे आपल्याला काही कळत नाही असे इतरांनी धरून चालणे म्हणजे काय, ते मला कुणी वेगळे सांगायला नको.

पण बाळे, मी श्रीहरीला काय म्हणून लिहू? बेळगावात बसून मी तरी कशी सांगू की त्याला कळते? आणि तुझेही मी आंधळेपणाने धरणार नाही. तुला तो घरात हवा आहे. तेव्हा त्याच्या तोंडून आलेला प्रत्येक झब्बू तुला "मी जाणार नाही" असाच ऐकू येणार. जी पोर माझ्या भावाच्या तोंडून त्याच्याच सुनेकडे डोसा मागते, ती काय काय मागेल! तू खोटे बोलतेस असे मी म्हणत नाही. तुला खरे ऐकू येतेय का, एवढेच विचारते.

म्हणून एक काम कर. श्रीहरी आणि शुभदा दोघांना समोर बसव. पत्त्यांचा अख्खा कॅट गुंडोच्या पलंगावर उताणा पसर, सगळी पाने दिसली पाहिजेत. तू त्याच्या उशामागे उभी राहा, त्याला तुझे तोंड दिसता कामा नये. आणि श्रीहरीला एवढेच विचारू दे: अक्काची चौकट राणी कुठे आहे? पुढे कुणी एक अक्षर बोलायचे नाही. तो काय करतो ते मला जसेच्या तसे कळव. पदरचे मीठ घालू नकोस. गोड बातमी नको, खरी दे.

आईच्या कमरेला निर्गुडीचा शेक द्यावा. तिच्या हातून जे होते ते पोटच्या लेकीकडून होत नाही, हे तिला माझ्या शब्दांत सांग, तुझ्या नको.

माया आहे ती आहेच, ती मागून घ्यायची वस्तू नव्हे.

वसुमती


चामराजपेट, बेंगळूर
८ फेब्रुवारी २०२५, एकादशी

ती. अक्कज्जीस,
हर्षिताचा सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात खरी बातमी दे. घ्या. अज्जा नापास झाले.

रविवारी सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. अप्पा आधी तयारच होत नव्हते, म्हणाले की आजारी माणसाची परीक्षा कसली घेता. तुमचं पत्र दाखवल्यावर बसले. मी अख्खा कॅट चादरीवर मांडला, राजाराणीवाली चित्रं वर, अगदी त्यांच्या डाव्या हाताशी. खरं सांगते, चौकट राणी मी मुद्दाम सगळ्यात जवळ ठेवली. तेवढं तुम्ही करू नको म्हटलं नव्हतं. मग उशामागं जाऊन उभी राहिले.

अप्पांनी विचारलं, अक्काची चौकट राणी कुठं आहे?

अज्जांनी अप्पांकडं बघितलं, मग पानांकडं. राणी त्यांच्या बोटाला लागत होती. त्यांनी ती उचलली, बघितली, आणि बाजूला टाकून दिली. मग सगळी पानं हातानं फराफरा लोटली, अर्धी खाली पडली. आणि भिंतीतल्या देवाच्या कोनाड्याकडं बोट करून झब्बू, झब्बू म्हणायला लागले.

अप्पा म्हणाले, देवाला ठाऊक म्हणतायत. आईनं उठून तीर्थ आणून दिलं, त्यांनी तोंड फिरवलं. कुंकू दाखवलं, घंटा दाखवली, तसबीर दाखवली. दिवा मंद झालाय म्हणून त्यात तेल घातलं. प्रत्येकाला झब्बू, आणि तो मला माहीत असलेल्यांतला कुठलाच नव्हता. शेवटी त्यांनी पलंगावर मूठ आपटली आणि रडायला लागले. आजारपणात ते एकदाही रडले नव्हते, अक्कज्जी. न्हाणीत आईसकट पडले तेव्हासुद्धा.

अप्पांनी खालची पानं एकेक करून गोळा केली. राणी वर ठेवली आणि म्हणाले की बोटाखाली असलेलं दिसत नाही त्यांना, आता तरी पटलं का. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले तरी असते. मग बाहेर जाऊन सेंटरला फोन केला. शिवरात्र व्हायचीही वाट न बघता तिच्या आधीचा रविवार नक्की केला.

मी तुम्हाला खोटं लिहू शकत होते. पेन हातात माझंच आहे. त्यांनी राणी उचलून छातीशी धरली, असं लिहिलं असतं तर तुम्ही अप्पांना खरमरीत पत्र टाकलं असतं आणि अज्जा इथंच राहिले असते. लिहिलं पण होतं तसं, एक पान. मग फाडलं. तुम्ही म्हणाला होतात की खरं ऐकू येतंय का, ते माझ्या डोक्यातून जाईना. बाकीचे झब्बू मला कळतात असं मला वाटत होतं. आता वाटतं की ते पण मी माझ्या मनानंच लावत होते का? पाणी मागितलं असं समजून मी पाणी दिलं, आणि त्यांना पंखा हवा होता, आणि बिचारे पाणी पिऊन गप्प बसले, असं किती वेळा झालं असेल.

दुकानात काल एका केकवर नाव चुकवलं. मुद्दाम नाही. पहिल्यांदाच.

आईला तुमचा निरोप तुमच्याच शब्दांत सांगितला. ती पदरानं डोळे पुसत भाजी चिरायला गेली, तिच्याकडं कांदा नव्हता.

लोभ असेल तेवढा अज्जांकडं वळवा, मला सध्या नको.

तुमची,
हर्षी


शहापूर, बेळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

चि. श्रीहरी यास,
वसुमतीचे आशीर्वाद.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते. मिळताच वाच, हात नंतर धू.

आमच्या लहानपणी बाबांच्या मित्राने आम्हाला पत्त्यांचा एक कॅट दिला होता. घरातली ती पहिली खेळायची वस्तू. चौकट राणी मी माझी मानली होती, तिच्या हातातले फूल मला आवडायचे. एके दिवशी न्हाणीघरात खेळताना ती पाणी तापवायच्या चुलीच्या जाळात पडली. मी जेवले नाही. तेव्हा तुझ्या बापाने, वय असेल सहा-सात, चुलीजवळची काड्यापेटी उचलली, काड्या बाहेर ओतल्या आणि रिकामी पेटी माझ्या हातात देऊन म्हणाला, ही घे अक्का, तुझी राणी.

त्या दिवसापासून मी लग्न होऊन जाईपर्यंत आमच्या घरात चौकट राणी म्हणजे काड्यापेटी. एकावन्न पाने आणि एक पेटी. ज्याच्या हातात पेटी, त्याच्याकडे राणी आहे हे आंधळ्यालाही दिसायचे. तरी सगळ्यांनी न बघितल्यासारखे करायचे, हा आमचा नियम. आई-बाबासुद्धा पाळायचे.

मी तुला विचारायला सांगितले ते चौकट राणी कुठे आहे असे नव्हे. अक्काची चौकट राणी. तू त्याच्यापुढे छापील राणी ठेवलीस. ती त्याने उचलली, नीट बघितली, ही नव्हे म्हणून टाकली, आणि देवाच्या कोनाड्याकडे बोट केले. तुमच्या कोनाड्यात निरांजनाच्या मागे काय असते, श्रीहरी? मी तुमच्याकडे राहून गेलेली आहे. मला बेळगावातून दिसते.

तुझ्या घरातली चार माणसे त्या दिवशी त्या खोलीत होती. उत्तर फक्त त्याच्याकडे होते.

त्याला सेंटरमध्ये ठेव की घरी, ते मी सांगणार नाही. शुभदाची कंबर मोडून मला भाऊ सांभाळायचा नाही. पण त्याला विचारल्याशिवाय ठरवू नकोस. न बघितल्यासारखे करणे आम्ही पत्त्यांत करत होतो. तू बापाच्या बाबतीत करू नकोस.

हर्षीला सांग, तिने खरे लिहिले म्हणून हे कळले. तिने राणी छातीशी धरली असे लिहिले असते तर मी पत्र फाडून टाकले असते आणि गुंडोचे डोके गेले असे मीही समजले असते.

राग नाही. असता तर चार ओळींत संपले असते.

तुझी आत्या,
वसुमती


चामराजपेट, बेंगळूर
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
श्रीहरीचा शि. सा. न.

पत्र काल कामावरून आल्यावर वाचले. दोनदा वाचले. कोनाड्यात निरांजनाच्या मागे, तेलाच्या बाटलीला टेकून काड्यापेटी होती. शुभदा लायटर वापरते, त्यामुळे पेटीवर धूळ होती. मी काड्या काढल्या, पेटी पुसली आणि वडिलांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती मुठीत धरली. मग हसले. ते कसे हसायचे हे मी विसरलो होतो, आत्या.

आजारपणात मी त्यांना औषध घेतले का, दुखते का, एवढेच विचारले. उद्या रविवार आहे. उद्या बाकीचे विचारणार आहे. हर्षीला मध्ये घेणार नाही. काय म्हणतात ते माझे मी समजून घेईन. नाही समजले तर परत विचारीन.

आपला आशीर्वाद मागायला तोंड नाही, तरी असावा.

आपला,
श्रीहरी


चामराजपेट, बेंगळूर
२४ फेब्रुवारी २०२५, एकादशी

ती. अक्कज्जीस,
हर्षिताचा सा. न. वि. वि.

पाकिटात काहीतरी टणक लागलं असेल. आधी हे वाचा, मग ते बघा.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अप्पांनी स्वतः कॅट आणला. मी जन्मात अप्पांना पत्ते पिसताना बघितलं नव्हतं, निम्मी पानं उडाली. छापील चौकट राणी त्यांनी काढून वर ठेवून दिली आणि तिच्या जागी काड्यापेटी घातली. अज्जांना एका हातानं पानं धरता येत नाहीत, म्हणून मी केकच्या खोक्याला चीर पाडून त्यात पानं उभी राहतील असं करून दिलं. आई उंच खुर्चीवर, पट्टा लावून. असे चौघं झब्बू खेळायला बसलो.

पेटी आली अप्पांकडं. मांडीवर ठेवून बसले. आम्ही कुणी बघितलं नाही. अज्जांनी तर इतकं बघितलं नाही की छताकडंच बघत राहिले.

एक-दोन हात जळाले, ती पानं बाजूला गेली. मग आईकडचं किलवर संपलं, तिनं बदाम टाकून झब्बू दिला. नियम तुम्हाला काय सांगायचा, झब्बू मिळाला की ज्याचं पान सगळ्यात मोठं त्यानं मधला ढीग उचलायचा. राजा अप्पांचा होता. पण त्यांनी ढिगाला हात लावला नाही. तिथंच थांबून ते बोलायला लागले. आमच्याशी नाही, अज्जांशी. सेंटर कुठं आहे ते सांगितलं. कंपनीपासून जवळ आहे, सुटल्यावर रोज येता येईल म्हणाले. शुभदाला उचलणं झेपत नाही म्हणाले. घरी माणूस ठेवायचं बघितलं, दोघे आले आणि दोघेही पळाले, ते पण सांगितलं. मग म्हणाले, हे सगळं तुम्हाला कळत नाही असं धरून मी ठरवलं, चुकलं माझं. तुम्ही राहतो म्हणालात तर राहायचं, मग आम्ही कसंही करू. आता तुम्ही सांगा.

मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. अप्पांनी मला तसं बजावलं होतं.

अज्जांनी आईकडं बघितलं. आई म्हणाली की मामंजी, मला काही होत नाही, आणि पदर पट्ट्यावरून ओढून घेतला. अज्जांनी बोट करून पदर बाजूला घे म्हणून खूण केली. पट्ट्याकडं बोट केलं. मग न्हाणीच्या दाराकडं. मग डावा हात लांब करून मधला सगळा ढीग स्वतःकडं ओढायला लागले.

आई म्हणाली, अहो तो तुमचा नाही, राजा यांचा आहे, तुमची तर दुर्री आहे. अज्जांनी तिचा हात बाजूला केला. एकेक पान सरकवत सरकवत छातीपाशी आणलं, एक पान खाली पडलं ते मला उचलायला लावलं, आणि अप्पांकडं बघून म्हणाले, झब्बू.

अप्पांनी मान खाली घातली. मग आम्हाला म्हणाले, ते म्हणतायत, या घरात सगळ्यात मोठा मी आहे, ढीग माझा.

अक्कज्जी, मी पण तेच ऐकलं होतं. शब्दाला शब्द. माझ्या जिभेवर आलं होतं की नाही, ते नको म्हणतायत, जाणार नाही म्हणतायत, असं ओरडून सांगावं. पण मला कुणी विचारलंच नाही. आता घरात दुसरा माणूस आहे ज्याला कळतं.

मला फार राग आला. दोन दिवस अज्जांशी बोलले नाही. तुम्हाला अक्कल आहे हे दाखवायला मी एवढी धडपडले, आणि तुम्ही ती अक्कल वापरून घराबाहेर निघालात, असं त्यांना तोंडावर म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि झब्बू म्हणाले. तो ठकुबाईंवाला होता, गोड.

काल नेलं. खोली बरी आहे, खिडकीतून कंपनीच्या बसा दिसतात. तिथली सिस्टर केरळची आहे. तिनं नाव विचारलं, अज्जा म्हणाले झब्बू, आणि तिनं पाटीवर तेच लिहिलं. अप्पा खोडायला लावणार होते, अज्जांनी नको म्हणून हात केला. मी सिस्टरला पाण्याचा, दुखल्याचा आणि दोनदा पटपट म्हटलेला, असे तीन म्हणून दाखवले. बाकीचे तुझे तू शीक म्हटलं. आणि हेही सांगितलं की माझ्या शिकवण्यावर फार जाऊ नकोस, त्यांनाच विचार. आज अप्पांचा फोन आला, सुटल्यावर तिकडं गेले होते, एक डाव खेळून निघाले. हरले म्हणाले. उगादीच्या पाडव्याला आईची कंबर बघून परत विचारणार आहेत. घरी आणणार असं म्हणाले नाहीत. विचारणार म्हणाले.

घरी संध्याकाळी कोनाड्यात दिवा लावला तेव्हा कुणी झब्बू म्हटलं नाही. आई दोनदा वळून बघत होती.

आता पाकिटातली वस्तू. काल निघताना अज्जांनी उशीखालून काड्यापेटी काढली आणि माझ्या हातात दिली. मला वाटलं, मला ठेवायला दिली. मी पर्समध्ये टाकायला गेले तर मान हलवून म्हणाले झब्बू. मी कोनाड्यात ठेवू का विचारलं. परत झब्बू. मग त्यांनी डाव्या हातानं हवेत काहीतरी केलं. मी या वेळी पटकन काही ठरवलं नाही. थांबले. परत करा म्हटलं. त्यांनी परत केलं, सावकाश, आणि मला दिसलं की ते लिहितायत. सरळ ओळीत. एकादशीला लिहायचे तसं.

म्हणून पाठवलीय. काड्या काढून घेतल्यात, पोस्टवाल्यांना घाबरवायला नको.

त्यामुळे सेंटरमधल्या कॅटमध्ये आता एकावन्न पानंच आहेत. छापील राणी अज्जा घालू देत नाहीत, अप्पांनी आज प्रयत्न केला तर फेकून दिली. पेटी तुमच्याकडं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि आम्ही कुणी बघितलेलं नाही.

खरा खेळ अडलाय, अक्कज्जी. उतारी तुमची.

लोभ घेऊन या, पत्रात नको.

तुमची,
हर्षी